लाल दोरा, निळा दोरा

बाराव्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वहिनींनी दोनदा वाचली. एकदा मनात, आणि मग चष्मा नाकावर नीट बसवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी. चिठ्ठी एका निवृत्त पोस्टमनची होती. त्यात एवढंच होतं, की डावा बूट घातला की पायात काही आहे याचा विसर पडतो, उजवा मात्र दुपारनंतर स्वतःची आठवण करून देत राहतो.

"डावा म्हणजे कुणाचा?" आत्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, हे त्यांच्या पाठीच्या ताठपणावरूनच कळत होतं.

वहिनींनी चिठ्ठीबरोबर परत आलेला डावा बूट उचलला आणि आतला मऊ तळ नखाने उचकटला. खाली लाल दोऱ्याचा टाका होता.

लाल म्हणजे आप्पा. निळा म्हणजे मशीन.

"झाले नऊ," आत्या म्हणाल्या. "मशीनचा एक. आणि दोघांना फरकच कळला नाही. त्या दोघांना मी लहानपणापासून ओळखते, त्यांना पाऊस आला तरी कळत नाही."

कुणी हसलं नाही. नेहमी हसायचे. आठवड्याच्या सुट्टीचा दिवस, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि चामडं कापायच्या मोठ्या टेबलाभोवती अख्खं घर बसलेलं. टेबलाच्या मध्यभागी बारा जोड ओळीने मांडले होते. भिंतीवर वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांचे लाकडी पाय, म्हणजे कलबूत, दोरीला लटकत होते. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटात मावत नाहीत अशी माणसं या दुकानात यायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाच्या बोटांची गाठ वर आलेली, कुणाचा तळवा पार सपाट. प्रत्येकाचा पाय आधी लाकडात उतरवायचा आणि मग त्या लाकडावर बूट चढवायचा, हे काम या घरात तीन पिढ्या चाललं होतं.

धाकटी सून टेबलाच्या टोकाला बसली होती, जिथून पायाशी खेळणारी मुलगी दिसेल अशी. मुलगी दीड वर्षाची. तिला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती चालायला लागल्यापासून एका रेषेत चालत होती आणि वाटेत काही आलं तर वळसा न घेता त्यावरून जात होती. ते बघून घर खूश होतं. फक्त तिच्या आईला ती चालताना तिचा उजवा पंजा आत वळलेला दिसायचा.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. ज्या घरात दिवसभर पायांचीच चर्चा चालते, तिथे कुणालाच दिसलं नाही म्हणजे मलाच भास होतोय, असं ती एक दिवस म्हणायची. दुसऱ्या दिवशी म्हणायची, सगळ्यांना दिसतंय, पण माझ्यासाठी गप्प आहेत.

मशीन आलं तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने, धाकट्याने, ते आणलं, वापरून बघायच्या बोलीवर. काचेचा एक चौथरा, त्यावर उभं राहायचं, खालून आणि बाजूने उजेडाची रेघ फिरते, आणि संगणकावर पाय दिसतो, हवा तसा फिरवता येणारा. धाकटा त्याच्याबद्दल बोलायला लागला की कंपनीच्या माहितीपत्रकातली वाक्यं त्याच्या तोंडून यायची. सासऱ्यांच्या बहिणीने, आत्यांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हे यंत्र इतकं शहाणं असेल तर त्याने स्वतःच बूट शिवावेत. थोरल्या जावेला, वहिनींना, मात्र आवडलं. गल्ल्यावर त्या बसायच्या, गिऱ्हाइकाच्या मापाची जुडी शोधायला त्यांनाच शिडीवर चढावं लागायचं. सासरे, म्हणजे आप्पा, काही बोलले नव्हते. थोरले भाऊजी कधीच काही बोलत नसत, ते आत पडद्यामागे बसून कलबूत कोरायचे, आणि दिवसातून चार शब्द बोलले तर पाचवा उद्यासाठी ठेवायचे.

मग मशीन ठेवायचं की नाही याची पारख कशी करायची यावर आठवडाभर वाद झाला होता, आणि तो धाकटीनेच मिटवला होता. कॉलेजात ती सांख्यिकी शिकली होती. बारा गिऱ्हाइकं घ्या, ती म्हणाली. प्रत्येकाचे दोन्ही पाय दोघांकडूनही मापून घ्यायचे, पण एक बूट आप्पांच्या मापाने करायचा, एक मशीनच्या. कुठला कुणाच्या, ते नाणं उडवून ठरवा. बूट भाऊजींनीच बनवायचे, खूण म्हणून आत दोरा घालायचा, गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. महिनाभर वापरून त्याने आपल्या हाताने लिहून द्यायचं. आप्पांनी तिच्याकडे तेव्हा पहिल्यांदा जरा निरखून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "हे चोख आहे."

आणि आता निकाल लागला होता. उद्या सकाळी कंपनीचा माणूस येणार होता, एक तर सही घ्यायला, नाहीतर मशीन उचलायला.

धाकटी बारा जोडांकडे बघत होती आणि तिच्या मनात तेरावा होता. या तीन महिन्यांत दर शनिवारी, वहिनी जेवायला वर गेल्या की, ती मुंगीला त्या काचेवर उभी करायची. अकरा शनिवार. पहिल्या शनिवारी मशीनने उजव्या पावलाचा कोन अठरा अंश आत सांगितला होता. गेल्या शनिवारी अकरा. आकडा हळूहळू उतरत होता, आणि त्या उतरण्याच्या जिवावर ती आठवडा काढत होती. ज्या मशीनने नऊ मोठ्या माणसांचे पाय चुकीचे सांगितले, ते एका स्थिर न राहणाऱ्या पोरीचं पाऊल बरोबर कसं सांगेल? पोस्टमनच्या चिठ्ठीने तिचे अकराच्या अकरा शनिवार खोटे ठरवले होते.

"माझं म्हणणं," वहिनी चिठ्ठ्या एकसारख्या करत म्हणाल्या, "गिऱ्हाईक सांगतंय ते ऐकावं. मला शिडी चढायची सवय आहे."

म्हणजे वहिनीही मशीनच्या विरोधात गेल्या. धाकट्याने मान खाली घालून एक निळ्या दोऱ्याचा बूट उलटसुलट केला. त्याने आणखी एकदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. आत्या म्हणाल्या की मिलिमीटरचा दहावा हिस्सा त्यांना या वयात दिसत नाही आणि पोस्टमनलाही दिसत नसावा, त्याला फक्त टोचलं. मग धाकटाही म्हणाला, की ठीक आहे, आपणच अट घातली होती, आता निकाल मानायला हवा. त्याचा तो पडलेला आवाज ऐकून आत्यांनाच कसंतरी झालं असावं. त्यांनी त्याच्यापुढे चहा सरकवला आणि आपल्या कपातली साखर जास्त झाली म्हणून अर्धा चहा त्याच्या कपात ओतला.

टेबलाखाली मुंगीचं काम जोरात चाललं होतं. चाचणीचे लाल दोऱ्याचे कलबूत आणि त्यांच्या मापाच्या पट्ट्या एका टोपलीत ठेवल्या होत्या, ती तिने रिकामी केली होती. आप्पांची माप घ्यायची रीत सगळ्या गावाला माहीत होती. बोटभर रुंदीच्या जाड तपकिरी कागदाची पट्टी पायाभोवती गुंडाळायची आणि जिथे टोक जुळेल तिथे नखाने खाच पाडायची. आकडा नाही, पेन नाही. एका पायाच्या पाच पट्ट्या, पाच ठिकाणच्या, दोऱ्यात ओवून त्या कलबुताला बांधलेल्या. मुंगीने एक पट्टी सोडवून कलबुताला आपल्या मनाने गुंडाळली होती आणि आईकडे दाखवायला धरली होती.

धाकटीने खाली वाकून ती हातात घेतली. घोट्याजवळची पट्टी होती, ती तिने उगाच योग्य जागी सरकवली. टोक खाचेपर्यंत पोचलं नाही. अर्धं बोट अंतर राहिलं.

तिने दुसरी पट्टी घेतली, चवड्याची. ही खाचेच्या पलीकडे गेली. दुसरा कलबूत घेतला, पोस्टमनचा. त्याची एक पट्टी जुळली, दोन सैल पडल्या, दोन आखूड. मुंगीशी खेळल्यासारखं करत तिने सहा कलबूत पाहिले. पट्ट्यांवरून हे कलबूत झालेच नव्हते. पट्ट्या नुसत्या चुकीच्या असत्या तर सगळ्या एकाच बाजूला चुकल्या असत्या. या कशाही होत्या. आणि त्या कलबुतांवर बनलेले बूट मात्र पायात विसरायला होतील असे.

तिने वर पाहिलं. पडद्याला टेकून बसलेले भाऊजी तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला माशी हाकलल्यासारखी वाटली असती. नको.

मग तिला सगळं एकदम दिसलं. गिऱ्हाईक आलं की भाऊजी त्याचे जुने बूट आत मागवून घ्यायचे आणि बराच वेळ हातात धरून बसायचे, टाच कुठे झिजलीय, कड कुठे फुगलीय. ते पट्ट्यांवरून कोरतच नव्हते. कोण जाणे किती दिवसांपासून. आणि निळ्या दोऱ्याच्या बुटांत त्यांनी आपल्या मनाचं काही घातलं नव्हतं, कारण त्यांच्या टेबलावर तिनेच आपल्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला होता. 'निळ्या बुटात मशीनच्या आकड्यांखेरीज काहीही घालू नये. मनाने काहीही बदलू नये.' पाय जेवढा तेवढाच कलबूत कोरला तर त्यावरचा बूट दुपारनंतर चावणारच, हे कलबूत कोरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. भाऊजींना तर होतंच. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची त्यांना सवय नव्हती.

चाचणी आप्पा आणि मशीन यांची नव्हतीच झाली. ती भाऊजी असलेल्या बुटाची आणि भाऊजी नसलेल्या बुटाची झाली होती.

म्हणजे मशीन खोटं नव्हतं. अठरा खरे होते आणि अकराही खरे होते. तिला त्या क्षणी मुंगीला उचलून घट्ट धरावंसं वाटलं. पण हे बोलायचं म्हणजे भर टेबलावर आप्पांच्या पट्ट्या मांडायच्या, आणि त्यांच्यापुढे म्हणायचं की तुमचा हात गेला. आप्पा टेबलाच्या त्या टोकाला दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून बसले होते. नऊ ऐकूनही त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. तिने पट्टी परत कलबुताला बांधली, मुंगीच्या हातात बशी दिली आणि गप्प बसली. उद्या मशीन जाईल. गेलं तर गेलं. अकरा आकडे तिला पाठ होते.

"मग यातलं आपलं सगळं पुसून द्यावं लागेल ना?" वहिनी संगणकापाशी जात म्हणाल्या. "लोकांचे पाय आहेत, कुणाच्या हाती लागायला नकोत." त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कुठलं राहू नये म्हणून. पोस्टमन. शाळेतल्या गाण्याच्या बाई. जुळ्यांपैकी उंच. बारा झाली. त्या थांबल्या.

"हे तेरावं कोण?"

धाकटी उठली, पण टेबलाला वळसा घालून जाईपर्यंत वहिनींनी ते उघडलं होतं. संगणकाच्या पडद्यावर एक पाऊल आलं, पावाच्या तुकड्याएवढं, पाचही बोटं फाकलेली. खाली अकरा तारखा.

टेबलाखाली बशी फरशीवर गरगर फिरत होती.

"उजवा आत पडतो," धाकटी म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज साधा निघाला. "मला वाटलं, मलाच दिसतोय."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं ते अगदी हळू, बाकीच्यांनी ऐकू नये असं, पण त्या खोलीत ते शक्य नव्हतं. "अकरा आठवडे? मला नाही सांगितलंस?"

तिला सांगायचं होतं की तू मशीन आणलंस त्या आनंदात होतास, की तुझ्या तोंडून 'काही नाही गं' ऐकायची मला भीती वाटत होती, आणि 'हो' ऐकायची त्याहून.  वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. 

आप्पा उठले. भिंतीकडच्या खणापाशी जाऊन त्यांनी तो पूर्ण बाहेर ओढला, मागे हात घातला आणि एक छोटी जुडी काढली. तपकिरी पट्ट्या, पण करंगळीएवढ्या. त्यांनी ती टेबलावर धाकटीपुढे ठेवली.

"मला पहिल्या दिवशीच दिसला होता," ते म्हणाले. "ती दुपारची निजली की घ्यायचो. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

धाकटीने जुडी हातात घेतली. चौदा पट्ट्या होत्या. तिच्यापेक्षा तीन जास्त. कुणाला दिसत नाही म्हणून ती जे एकटीने वाहत होती, ते इथे खणाच्या मागे आधीपासूनच होतं.

"पण यातून काही कळत नाही बघ," आप्पा म्हणाले. "या आठवड्यात पाऊल वाढतं, पुढच्या आठवड्यात आखडतं, मग परत वाढतं. लेकराचं पाऊल आखडतं का कधी?" त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. "दोन वर्षं झाली. बोटांच्या टोकांना कागद लागत नाही. खाच कुठे पडली ते मला बघावं लागतं, आणि बघून माप घेता येत नाही."

"दादा," आत्या म्हणाल्या.

"थोरल्याला माहीत आहे. तो सगळं मागून नीट करतो. मला कळू नये म्हणून पट्ट्या माझ्यासमोर कलबुताला बांधतो, सोहळ्यासारख्या." आप्पा भाऊजींकडे वळले. "तुला काय वाटलं, मला कळलं नाही?"

भाऊजींनी घसा साफ केला. घरातली माणसं आपोआप त्यांच्याकडे वळली.

"मला वाटलं, तुम्हाला कळलं नाही असं मला वाटतंय, असं तुम्हाला वाटू द्यावं," ते म्हणाले.

इतकं लांब वाक्य त्यांनी लग्नातही उच्चारलं नव्हतं. वहिनींना आधी हसू फुटलं, मग आत्यांना, आणि मग धाकटीला हसता हसता डोळे पुसावे लागले. आप्पा मात्र हसले नाहीत, ते थोरल्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टप्पल दिली, पन्नाशीला आलेल्या माणसाच्या.

तेव्हा धाकटीने टोपली वर घेतली आणि सहा कलबूत आणि आपला तो वळणदार अक्षरातला कागद, सगळं सांगितलं. चूक माझी होती, ती म्हणाली, मी ज्याची परीक्षा घ्यायची तेच बाहेर ठेवलं. भाऊजींनी मध्ये एकच दुरुस्ती केली. मशीनचे आकडे बरोबर असतात, ते म्हणाले, पाय खरंच तेवढा असतो. आकड्याला पायाची हवा, म्हणजे त्याला लागणारी सैल जागा, माहीत नसते, ती आपण घालायची. धाकट्याने विचारलं की हे तू मला तीन महिन्यांत का नाही सांगितलंस. भाऊजींनी आपल्या टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"मग ठेवायचं का काय ते सांगा," आत्या म्हणाल्या. "मी इतका वेळ विरोध करून दमले."

 आप्पा संगणकाजवळ गेले, त्या छोट्या पावलाच्या चित्रापुढे उभे राहिले आणि धाकटीला म्हणाले, "माझ्या पट्ट्यांचं सोड. हे काय म्हणतंय?"

"पहिल्यांदा अठरा," ती म्हणाली. "परवा अकरा."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"कमी होतंय, आप्पा. आपोआप. पण ती एक क्षण स्थिर उभी राहत नाही, म्हणून मला खात्री..."

"तिला चालू दे," आप्पा म्हणाले.

दुकानात माप घेऊन झालं की प्रत्येक गिऱ्हाइकाला दारापासून आतल्या भिंतीपर्यंत चालायला लावायची आप्पांची रीत होती. अठरा फरश्या. गिऱ्हाईक चालायचं आणि आप्पा त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचे, डोळे मिटून. पाय खोटं बोलला तरी चाल बोलत नाही, असं काही ते म्हणायचे नाहीत, ते नुसते ऐकायचे. मशीन आल्यापासून चाचणीच्या गडबडीत ते स्टूल कोपऱ्यात गेलं होतं आणि त्यावर पुठ्ठ्याची खोकी चढली होती. भाऊजींनी खोकी उतरवली. धाकट्याने मुंगीला दारापाशी नेऊन उभं केलं आणि तिचे मोजे काढले. वहिनींनी तिच्या हातातली बशी घेतली, तर ती ओरडली, म्हणून परत दिली.

आप्पा पाठ करून बसले. क्षणभराने त्यांनी शेजारच्या खोक्यावर थोपटलं, आणि धाकटी त्यांच्याजवळ जाऊन बसली, लेकीकडे पाठ करून. ती पोर चालायला लागल्यापासून तिने पहिल्यांदाच तिच्यावरून नजर काढून घेतली होती. पाठीत कळ उठली, वळून बघायची.

"बघू नकोस," आप्पा म्हणाले. "बघून तुला फक्त उजवाच दिसतो."

तिने डोळे मिटले.

अनवाणी पावलं फरशीवर वाजायला लागली. थप, थप. मध्ये बशी एकदा भिंतीला आपटली. थप, आणि मग जरा घासलेला आवाज, आणि परत थप. तिसऱ्या फरशीला घासलं, चौथीला नाही. सातवीला घासलं. मग बराच वेळ नाही, आणि शेवटी आणखी दोनदा. आप्पांचं बोट मांडीवर ठेका धरत होतं, आणि घासलं की ते थांबायचं.

पावलं त्यांच्या मागे येऊन थांबली. काहीतरी थंड धाकटीच्या कमरेला टेकलं. बशी होती.

"अठरा फरश्यांत चार," आप्पा म्हणाले. "ती चालायला लागल्यापासून कान लावून बसलोय असं समजू नकोस, पण पहिल्या महिन्यात नऊ होते." त्यांनी धाकटीकडे मान वळवली. "तुझं यंत्र खरं बोलतंय."

मग ते धाकट्याकडे वळले आणि म्हणाले, की उद्या त्या माणसाला सही दे, पण त्याला सांग, चौथरा दारापाशी नको, तिथे चालायची वाट आहे. तो भाऊजींच्या टेबलाजवळ हलवायचा, आकडे त्यांनी बघायचे. आणि स्टूल जिथे होतं तिथेच राहील.

धाकटीने अजून डोळे उघडले नव्हते. मागे मुंगी वळून पुन्हा दाराकडे निघाली होती, आणि तिची आई पावलं मोजत होती.